फिर्याद कोणाची? ‘कोल्हापूर प्रकरण’ आणि सरकारी वकिलाची गोष्ट

जुलै १८८२. मुंबईच्या हायकोर्टात पुण्याच्या दोन तरुण संपादकांना प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद सुनावण्यात आली. दोघांचीही वये पंचवीस-सव्वीसच्या घरात. एक बाळ गंगाधर टिळक, दुसरे गोपाळ गणेश आगरकर. गुन्हा अब्रूनुकसानीचा आणि फिर्यादी कोल्हापूर संस्थानचे दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे. इतिहासात ही घटना ‘कोल्हापूर प्रकरण’ म्हणून ओळखली जाते, आणि ती बहुधा टिळक-आगरकरांच्या चरित्रातील पहिला तुरुंगवास म्हणून सांगितली जाते.

मित्रहो, आजच्या धाग्यात हेच प्रकरण आपण दुसऱ्या बाजूने पाहणार आहोत. प्रश्न असा की, खटला चालवतो कोण? ज्याचे नुकसान झाले तो, ज्याने पकडले ते पोलीस, की या दोघांहून निराळा असा कोणी तिसरा? आज कोल्हापुरात कसबा बावडा मार्गावरील न्यायसंकुलात चोरीचा, मारामारीचा किंवा वाहतुकीचा खटला उभा राहिला, तर शासनाच्या बाजूने बोलायला सरकारी वकील उभा असतो. तो पोलिसांचा माणूस नसतो आणि फिर्यादीचाही नसतो. निदान कायद्याची अपेक्षा तशी आहे. ही अपेक्षा महाराष्ट्रात प्रत्यक्ष व्यवस्थेत उतरण्यासाठी १९९५ साल उजाडावे लागले.

आधी थोडे शब्दांविषयी, कारण शब्द जुन्या व्यवस्थेच्या खुणा जपून ठेवतात. ‘फिर्याद’ हा फारसी शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी फोडलेला टाहो असा आहे. ‘वकील’ म्हणजे मुळात प्रतिनिधी. शिवकाळात वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी आपली बाजू मांडणारा दूत. अफजलखानाशी बोलणी करणारे पंताजी गोपीनाथ हे या अर्थाने महाराजांचे वकील होते. त्या काळच्या न्यायव्यवस्थेत गोतसभा होती, मजलस होती, महजर लिहिले जात, साक्षी होत, प्रसंगी दिव्यही घडे. वादी आणि प्रतिवादी आपापली तक्रार स्वतः मांडत. जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ अशी रक्कम सरकारजमा होई. म्हणजे निकाल कोणाच्याही बाजूने लागो, सरकारला उत्पन्न होतेच. परंतु सरकारच्या वतीने उभा राहून ‘हा अपराध केवळ या गृहस्थाविरुद्ध नाही, तो सर्वांविरुद्ध आहे’ असे म्हणणारा माणूस त्या सभेत नव्हता.

ब्रिटिश अमलात ही कल्पना आली. फौजदारी खटले राजसत्तेच्या नावाने नोंदले जाऊ लागले. १८६० ची दंडसंहिता आणि १८६१ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यांनी नवा साचा घालून दिला. पण त्या साच्यात काही अपराध मुद्दाम खासगी ठेवले गेले. अब्रूनुकसानी हा त्यांतील ठळक. ज्याची अब्रू गेली त्यानेच फिर्याद करावी, पोलिसांनी आपण होऊन त्यात पडू नये, हा दंडक आजही मूलतः कायम आहे.

आता कोल्हापूरकडे येऊ. १८७० साली छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे निवर्तले. पुढल्याच वर्षी एक लहान मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आला. तेच चौथे शिवाजी महाराज. राजा अल्पवयीन, कारभार ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली आणि दैनंदिन सूत्रे दिवाणाच्या हाती. महाराज वयात येऊ लागले तेव्हा त्यांच्या मनावर परिणाम झाल्याचे सांगण्यात येऊ लागले. त्यांना खरोखर आजार आहे, की छळ करून त्यांना त्या अवस्थेस नेले जात आहे, याविषयी महाराष्ट्रभर कुजबुज होती.

जानेवारी १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी ही कुजबुज छापील अक्षरांत आणली. दिवाण बर्वे यांच्या हस्ताक्षरातील म्हणून काही पत्रे संपादकांच्या हाती पडली होती. महाराजांविरुद्ध कारस्थान चालले असल्याचे त्या पत्रांवरून दिसत होते. बर्वे यांनी फिर्याद केली. खटला चालू असताना ती पत्रे बनावट असल्याचे उघड झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी फिर्यादीचे समाधान झाले नाही आणि शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांचे एकशे एक दिवस गेले. आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तकच लिहिले, हे बहुतेकांना ठाऊक असेल.

एक उपकथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. खटल्याच्या वेळी या दोघांना दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. तो रामशेठ उरवणे यांच्याकडून मिळाला आणि त्यामागे जोतीराव फुले यांचा शब्द होता. पुढील काळात या मंडळींच्या विचारांत किती अंतर पडले, ते आपण जाणतो. म्हणून तर हा तपशील विसरू नये असा आहे.

कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहिले, तर निकालात चूक काढणे कठीण आहे. पत्रे खोटी होती. त्यांच्या आधारे एका माणसावर भयंकर आरोप छापले गेले होते. बर्वे यांना आपली अब्रू राखण्याचा हक्क होता, आणि टिळक-आगरकरांविषयीच्या आदरापोटी तो हक्क नाकारणे इतिहासाला धरून होणार नाही. पण खासगी फिर्यादीचे वैशिष्ट्यच असे की, ती फक्त फिर्यादीच्या प्रश्नाचे उत्तर देते. न्यायालयापुढे प्रश्न होता तो बर्वे यांची बदनामी झाली की नाही, एवढाच. कोल्हापूरच्या राजवाड्यात त्या तरुण राजाचे काय चालले आहे, हा लोकांच्या मनातला खरा प्रश्न. तो कोणाचीच फिर्याद नव्हता. तो न्यायालयात नेण्याचे काम ज्याचे म्हणता येईल, असा अधिकारीच व्यवस्थेत नव्हता. ब्रिटिश हद्दीतील न्यायालयांचा अधिकार संस्थानात चालत नव्हता, आणि संस्थानाची सूत्रे ज्यांच्या हाती, त्यांच्याविरुद्ध संस्थानात फिर्याद ऐकणार कोण?

उत्तर दीड वर्षात फार क्रूरपणे समोर आले. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्यांच्यावर देखरेखीसाठी नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वयाची विशीही नुकतीच उलटली होती. पत्रे खोटी निघाली म्हणून भीती खोटी ठरत नाही, असे मग अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. यानंतर १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक गेले. तेच आपले राजर्षी शाहू महाराज.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीतील दोन निर्णय आपल्या विषयाला थेट भिडतात. पहिला ‘हजेरी’चा. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतील माणसांनी ठरावीक वेळी गावच्या चावडीवर जाऊन हजेरी द्यायची, अशी प्रथा होती. हेतू हा की रात्री कोठे चोरी झाली, तर ही माणसे कोठे होती ते कळावे. येथे फिर्यादी नाही, पुरावा नाही, खटला नाही. जन्म हाच आरोप. महाराजांनी १९१८ मध्ये ही प्रथा बंद केली. दुसरा निर्णय अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा देण्याचा. न्यायालयात उभे राहून बोलण्याचा परवाना कोणाला मिळतो, यावर न्याय कोणाला मिळतो हे बरेच अवलंबून असते, याची जाण त्या निर्णयामागे दिसते. पुढे १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तोवर कोल्हापूरला स्वतःचे हायकोर्ट होते. विलीनीकरणानंतर अपिलासाठी मुंबईची वाट धरणे आले.

आणि येथून आपल्या गोष्टीतला सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग सुरू होतो.

सेशन्स कोर्टातील गंभीर खटल्यांसाठी सरकारने नेमलेले वकील पूर्वीपासून होते. पण बहुसंख्य लोकांचा संबंध त्या न्यायालयाशी येत नाही. लहानसहान चोरी, शिवीगाळ, जुगार, भरधाव गाडी हाकणे ही प्रकरणे मॅजिस्ट्रेटपुढे चालतात, आणि तेथे खटला चालवीत ते ‘पोलीस प्रॉसिक्युटर’. जुन्या पिढीतील कोणाही वकिलाला विचारा, हा शब्द त्यांच्या तोंडी हमखास सापडेल. हे गृहस्थ पोलीस खात्याच्या नियंत्रणाखाली काम करीत. परिणामी ज्या खात्याने आरोपीला पकडले, तपास केला, आरोपपत्र लिहिले, त्याच खात्याच्या हाताखालचा माणूस ते आरोपपत्र न्यायालयात मांडी. तपास कच्चा आहे, साक्षीदार पढवलेला वाटतो, आरोपीच्या बाजूचा कागद दडवला आहे, असे त्याला दिसले तरी ते बोलायचे कोणापुढे? वरिष्ठ तर तपास करणाऱ्यांचेच वरिष्ठ.

‘चलान’ या शब्दात हा सारा प्रवास दडला आहे. मूळ अर्थ माल वा कैदी पाठवताना सोबत द्यायचा कागद. पोलिसांनी आरोपीला न्यायालयाकडे ‘पाठवले’ की ते चलान. म्हणून आरोपपत्रालाही चलान म्हणण्याची रीत पडली. आज मोबाइलवर येणाऱ्या वाहतूक दंडाच्या ई-चलानात तोच शब्द आहे. या दंडाची गंमत अशी की, तो भरला म्हणजे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार तडजोड झाली, प्रकरण मिटले. सरकारी वकिलाचे दर्शनही घडत नाही. ज्याला दंड मान्य नाही त्याचेच प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहते, आणि मगच तो तिसरा माणूस रंगमंचावर येतो. लोकअदालतीत चलाने मिटवण्यासाठी जी गर्दी होते, ती या तिसऱ्या माणसापर्यंत न पोहोचणाऱ्यांचीच.

तपास करणारा आणि खटला चालवणारा निराळे असावेत, ही सूचना नवी नव्हती. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात ती स्पष्टपणे केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती स्वीकारली. मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयासाठी ‘सहायक सरकारी अभियोक्ता’ नेमावा आणि पोलीस अधिकारी त्या पदावर नेमण्यास सामान्यतः पात्र नसावा, असे कलम २५ ने ठरवले. संहिता १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आली.

महाराष्ट्र शासनाने त्याच दिवशी अधिसूचना काढली. जे पोलीस प्रॉसिक्युटर होते, त्यांनाच सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नेमले. नाव बदलले, कायद्याचे शब्द पाळले गेले, आणि ही मंडळी राहिली मात्र पोलीस खात्याच्याच प्रशासकीय आणि शिस्तभंगविषयक नियंत्रणाखाली. सरकारी कारभारात पाटी बदलून काम साधण्याची जी कला आहे, तिचे यापेक्षा सुबक उदाहरण शोधावे लागेल.

ही स्थिती दोन दशके टिकली. शेवटी दाद मागायला गेले ते आरोपी नव्हेत, फिर्यादीही नव्हेत, तर अभियोक्तेच. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांचे म्हणणे मान्य केले. सहायक सरकारी अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करावा, तो पोलीस खात्यापासून पूर्णपणे अलग असावा आणि त्याचा प्रमुख थेट शासनाला जबाबदार असावा, असा आदेश देण्यात आला. आज आपण ज्याला अभियोग संचालनालय म्हणतो, त्याच्या स्वतंत्रपणाचा पाया हा.

आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, महाराष्ट्रातीलच हितेंद्र विष्णू ठाकूर यांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एक गोष्ट बजावली होती. ‘टाडा’ कायद्याखाली तपासाला मुदतवाढ हवी असेल तर सरकारी वकिलाचा अहवाल लागे. पोलिसांची विनंती जशीच्या तशी पुढे सरकवणे म्हणजे अहवाल नव्हे, सरकारी वकील हा टपाल कचेरीचे काम करणारा नाही, तो तपासयंत्रणेचा भाग नाही, त्याने स्वतः विचार करून मत बनवले पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. मला व्यक्तिशः १९९५ च्या आदेशाइतकाच हा निकाल महत्त्वाचा वाटतो. खाते निराळे करता येते. विचार निराळा करणे ही ज्याची त्याची परीक्षा असते.

बर्वे खटल्याच्या संदर्भात तर हे फारच लागू पडते. अब्रूनुकसानीची फिर्याद खासगी असते, असे वर म्हटले. पण आजच्या कायद्यात त्याला एक फाटा आहे. मंत्री किंवा लोकसेवक यांची त्यांच्या सरकारी कामासंबंधाने बदनामी झाली, तर शासनाच्या मंजुरीने सरकारी वकीलच थेट सत्र न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. म्हणजे आजचा एखादा दिवाण स्वतः न्यायालयाची पायरी चढणार नाही. त्याची फिर्याद सरकारी वकील नेईल. म्हणून तर सरकारी वकिलाने मालकाचा मुनीम व्हायचे, की ‘ही टीका माणसावर आहे की कारभारावर?’ असा प्रश्न आधी शासनालाच विचारायचा, हे येथे निर्णायक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी यांच्या २०१६ च्या प्रकरणात सरकारी वकिलाकडून ही स्वतंत्र बुद्धी अपेक्षिली आहे.

मात्र चित्र सगळेच उजळ नाही. मॅजिस्ट्रेटपुढचा अभियोक्ता स्पर्धा परीक्षेतून येणारा, कायमचा नोकर. तर सत्र न्यायालयातील जिल्हा सरकारी वकील वकिलांमधून मुदतीने नेमला जाणारा. मूळ कलम २४ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करायची होती. महाराष्ट्राने १९८१ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून न्यायाधीशांशी विचारविनिमयाऐवजी ‘राज्य शासनाच्या मान्यतेने’ असे शब्द घातले. नेमणुकीत न्यायालयाचा शब्द कमी, सरकारचा जास्त. सरकारे बदलली की सरकारी वकील का बदलतात, याचे बरेचसे उत्तर त्या तीन शब्दांत आहे.

या पदाचा सर्वांत मोठा अधिकार खटला चालवण्याचा नाही, तो मागे घेण्याचा आहे. कोल्हापूरकरांना हे विशेष समजावे. रस्ते प्रकल्पाच्या टोलविरुद्ध शहर काही वर्षे लढले. प्रा. एन. डी. पाटील आणि स्वतः वकील असलेले गोविंद पानसरे यांच्यासारखी मंडळी त्या लढ्याच्या अग्रभागी होती. जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले, गुन्हे दाखल झाले आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या आंदोलनानंतर ‘कार्यकर्त्यांवरील खटले मागे घ्या’ ही मागणी ठरलेली असते, आणि मंत्र्यांची घोषणाही बहुधा ठरलेली. परंतु घोषणेने खटला मागे जात नाही. शासन फार तर विनंती करू शकते. अर्ज त्या खटल्याच्या प्रभारी सरकारी वकिलाने, लोकहित कशात आहे याचा स्वतः विचार करून करायचा असतो, आणि त्यावर न्यायालयाची संमती लागते. जुन्या संहितेतील हे कलम ३२१. खासदार-आमदारांवरील खटले मागे घ्यायचे तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी, अशी अट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्यात घातली.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. खटला मागे घेण्याची तरतूद आता कलम ३६० मध्ये आहे, आणि तिच्यात एक वाक्य नव्याने आले आहे: पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाने अशी संमती देऊ नये. एरवी पीडिताने आपला वकील दिला, तरी तो सरकारी वकिलाला साहाय्य करण्यापुरताच असतो. खटल्याची सूत्रे सरकारी वकिलाकडेच राहतात. येथे मात्र ज्याने मुळात टाहो फोडला, त्याला पुन्हा बोलावले गेले आहे.

अशा आदेशांविरुद्ध दाद मागण्यासाठी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील माणसाला परवापरवापर्यंत मुंबई गाठावी लागे. वकिलांच्या आणि पक्षकारांच्या चार दशकांहून अधिक काळच्या मागणीनंतर १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊसिंगजी रोडवरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झाले. १९४९ मध्ये संस्थानाचे हायकोर्ट गेल्यानंतर या शहरात उच्च न्यायालयाचे पुकारे पुन्हा ऐकू येण्यास शहात्तर वर्षे लागली.